पीठ बदललं, दांडा तोच

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे, पीठ लाटायचा. तुमच्या घरातलं लाटणं मला पाहून मान खाली घालील, कारण मी त्याच्या दुप्पट लांब आणि जेमतेम बोटाएवढा जाड आहे. फुशारकी वाटली तर वाटू द्या. ज्यानं आयुष्यभर गाव जेवू घातलं, त्यानं थोडं मिरवलं तर काय बिघडलं?

ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरांत थिमिओस नावाच्या मेंढपाळानं मला चिवट लाकडातून तासलं आणि काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलं. एवान्थियाशी लग्न ठरल्यावर त्यानं मला तिच्या हातात दिलं. दुसऱ्या मुलींना बांगड्या मिळाल्या, तिला मी मिळालो. पण तिनं मला कधी दुसऱ्या बाईच्या हातात जाऊ दिलं नाही.

आमच्या गावात बाईची पारख तिनं लाटलेल्या पापुद्र्यावरून होते. एवान्थियाचा पापुद्रा खिडकीशी धरला की पलीकडचा डोंगर दिसायचा. असे थरावर थर, मध्ये रानभाजी आणि खारट चीज, की झाली तिची पीता. मरियम मातेच्या सणाला चर्चच्या अंगणात सगळ्या घरांच्या पीता मांडल्या जायच्या, आणि आमची परात सर्वांत आधी रिकामी व्हायची. शेजारची अग्लाइया जळून खाक व्हायची आणि दुसरा तुकडा मागायची.

तुकड्यांवरून खरी भांडणं करायची ती एवान्थियाची नात मिर्टो. तिला कडेचा कुरकुरीत तुकडाच लागे. पण पोर वाळायला लागली. सारखं पोट दुखायचं. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, गहू जन्मभर बंद. तेव्हापासून ती आजीकडे डबा घेऊन यायची. आम्ही भट्टीतून पीता काढली की ताटाशी नाक नेऊन म्हणायची, "वास तर घेऊ दे."

एवान्थियाच्या घशाखाली घास उतरेना. तिनं मक्याचं पीठ आणलं, तेही जिथं गव्हाचा दाणा जात नाही अशा गिरणीचं. मला साबणानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि लाटायला बसली. पापुद्रा फाटत होता, तरी आम्ही दोघांनी हट्टानं पीता उभी केली. मिर्टोनं ती डोळे मिटून खाल्ली. संध्याकाळपर्यंत ती ओकून ओकून पिवळी पडली.

तिच्या बापानं, स्ताथिसनं, आवाज न चढवता विचारलं, "आई, पीठ बदललंस. दांडा तोच ना?"

लाकूड पीठ पितं, मित्रांनो. इतक्या वर्षांचा गहू माझ्या रेषारेषांत बसला होता, तो साबणानं कसा निघणार? ज्या पिठानं मला मोठेपणा दिला, तेच त्या पोरीचं विष झालं होतं. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मिर्टो आता आजीच्या हातचं पाणी प्यायलाही बिचकू लागली. स्ताथिसनं सांगितलं की सणालाही डबाच आणू.

"माझ्या दारी येऊन माझी नात डबा खाणार?" एवान्थिया एवढंच बोलली.

तिनं भिंतीत उंच खिळा ठोकला आणि मला टांगलं. ओटा खरवडून धुतला, कोरी परात आणली. मग तिनं जे केलं ते पाहून मी चाटच पडलो. तिच्या आईनं उपासमारीच्या वर्षांत केलेली पीता तिनं रचली. तळाला मक्याचं पीठ हातानं भुरभुरवलेलं, मध्ये भाजी आणि चीज, वर पुन्हा तेच पीठ, आणि तेलाची धार. लाटणं नाही, पापुद्रा नाही. ही भुकेची पीता पाहुण्यांपुढे ठेवायची गावात लाज वाटते. एवान्थिया ती भर सणात चर्चच्या अंगणात घेऊन गेली आणि सगळ्यांच्या पीतांपासून दूर, वेगळ्या सुरीसह मांडून बसली.

तिथं काय झालं ते घरी परतल्यावर स्ताथिसनं हसत हसत पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून मला कळलं.

अग्लाइयानं टोमणा मारलाच. "काय गं एवान्थिया, घरातला गहू संपला वाटतं?"

"संपला नाही. माझी नात जेवणार आहे."

मिर्टोनं आधी आजीकडे पाहिलं, मग घास घेतला. सावकाश चावला. "पापुद्र्याची सर नाही, आजी," ती म्हणाली. "त्याची आठवण येतेच. पण अजून वाढ."

एवान्थिया रडली आणि वाढत राहिली.

त्यानंतर त्या घरात गहू आला नाही. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, एकदा तरी काढ की खाली. ती नाही म्हणते, आणि माझी छाती अभिमानानं फुगते. पापुद्र्यासाठी माझं कौतुक सगळ्यांनी केलं. पण मी खिळ्यावर आहे म्हणून एक पोर पोटभर जेवते, हे माझं त्याहून मोठं काम.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे असं कुणी जेवायला आलं तर नुसतं पीठ बदलून थांबू नका. आमच्यासारख्या जुन्यांनाही बाजूला ठेवा. आम्ही रुसत नाही. मिर्टो आता उंच झाली आहे, तिचा हात माझ्यापर्यंत पोहोचतो. ती येते, मला एकदा कुरवाळते, मोरीवर जाऊन साबणानं हात धुते आणि आजीच्या शेजारी जेवायला बसते.