पेटीतला चमचमता शरारा

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. कोपरखैरण्याच्या एका शाळेत, जिन्याखाली माझा मुक्काम. कळंबोलीच्या लोखंडबाजारातला पत्रा अंगात आहे म्हणून टिकले, नाहीतर दरवर्षी एवढी आदळआपट कोण सोसतं!

माझ्या पोटात 'विविधतेत एकता' ठेवलेली असते. म्हणजे एक लुंगी, दोन पगड्या, कोळ्याची टोपी आणि टिकल्या लावलेला हिरवा शरारा. वर्षातून एकदा, शाळेच्या कार्यक्रमाआधी, चारुलताबाई झाकण उघडतात आणि एकेका मुलाला एकेक वेश वाटतात. मित्रांनो, पूर्वी मला याचं फार कौतुक वाटायचं. यंदा मात्र डोकंच फिरलं.

सातवीतल्या अलिशाला कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायचं होतं. दोन पानं लिहून, पाठ करून आली होती बिचारी. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या श्रीवर्धनचं, मराठी कशी खणखणीत! बाईंनी कागद बघितलासुद्धा नाही. शरारा काढून तिच्या हातात दिला.

"तू मुस्लीम मुलगी हो. आदाब करायचा आणि हिंदीत दोन ओळी बोलायच्या."

"पण बाई, आमी घरी मराठीच बोलतो. आणि असलं कोणी घालत पण नाही."

"अगं, मग तू मुसलमान आहेस हे लोकांना कळणार कसं? टेन्शन नको घेऊस, छान दिसशील."

अहो, समोर जितीजागती पोर उभी आहे, तिला विचारा की! पण नाही. माझ्यातला कपडा खरा आणि ती खोटी. माझं चाललं असतं, तर तेव्हाच झाकण आपटलं असतं मी.

कार्यक्रमात अलिशा दुसऱ्याच ओळीला अडखळली. पोरं फिदीफिदी हसली. पडद्यामागे, मला आणून ठेवलं होतं तिथेच, बाई वैतागून म्हणाल्या, "स्वतःची भाषासुद्धा धड येत नाही हिला!"

तिने ते ऐकलं. शरारा काढून माझ्यात कोंबला. सई, तिची मैत्रीण, म्हणाली, "जाऊ दे ना."

"माझी भाषा कुठली, ते मला कोणी विचारलंच नाही," अलिशा म्हणाली आणि रडू लागली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, तेल देऊ नका. गंजले तरी चालेल. पण शेजारच्या बाकावरचं मूल कोण आहे, हे शोधायला माझ्यात हात घालू नका. त्यालाच विचारा. आणि ते बोलायला लागलं, की मध्ये बोलू नका.