गाळलेला अध्याय

दगूबाई वाचायला शिकली तेव्हा तिचे निम्मे केस पांढरे झाले होते. पितांबर मास्तरांची बायको सिंधुबाई हिने तिला दोन वर्षं पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, आणि एकोणीसशे छत्तीस सालच्या माघात दगूबाईच्या हातात स्वतःचं शास्त्र, म्हणजे बायबल, आलं. काळ्या पुठ्ठ्याचं, विटेएवढं जड.

कळसाडीच्या बाहेर, कपाशीच्या शेतांच्या कडेला, ख्रिस्ती झालेल्यांची नऊ घरं होती. दर बुधवारी दिवस कलला की ती सगळी मास्तरांच्या ओसरीवर जमायची. मास्तर उतारा वाचायचे, अर्थ सांगायचे, मग एकेकाला विचारायचे. झिपरूबाबाला अक्षर येत नव्हतं, पण सतरा वर्षांत ऐकलेलं सगळं त्याच्या डोक्यात होतं. मास्तर एखादं नाव चुकले तर तो खोकायचा. दगूबाईला इतकी वर्षं शास्त्र म्हणजे मास्तरांचा आवाजच वाटत आला होता. आता ती पहाटे उठून उंबऱ्यावर बसायची आणि शब्दाखाली बोट धरून स्वतः वाचायची. पहिल्या पानापासून, ओळीने. मधलं सोडून पुढे जाता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्या चैत्रात बुधवारी अब्राहामाची गोष्ट चालली होती. म्हातारपणी साराला मुलगा होईल असं वचन मिळालं, इथवर झालं. "पुढच्या बुधवारी अब्राहाम आपल्या मुलाला घेऊन डोंगरावर जातो," मास्तर म्हणाले. घरी दगूबाईचं ओळीने वाचणंही तिथवरच आलं होतं. पण डोंगराच्या आधी आणखी एक अध्याय होता.

त्यात हागार होती. साराची दासी. मूल होत नाही म्हणून सारानेच तिला नवऱ्याच्या हवाली केलं होतं. तिला मुलगा झाला. मग साराला ती दोघं डोळ्यांसमोर नकोशी झाली, आणि एके दिवशी भल्या पहाटे अब्राहामाने तिच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची पखाल दिली, पोर दिलं आणि तिला वाटेला लावलं.

दगूबाईचं बोट तिथेच थांबलं. मागे चुलीवर भाकर करपली तरी तिला वास आला नाही.

हिलाल, तिचा नवरा, जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. त्याला दुसरी बायको कर म्हणून दगूबाईच त्याच्या मागे लागली होती. लग्नाला नऊ वर्षं होऊन कूस रिकामी होती. मोतीबाईला पाहायला तीच गेली, लुगडंही तिनेच निवडलं. वर्षभरात वीरसिंग झाला. मोतीबाई तिला थोरली बहीण मानून 'जिजी' म्हणायची, तिच्याआधी जेवायची नाही. तरीही ते पोर मोतीबाईच्या मांडीवर दिसलं की दगूबाई तोंड फिरवायची. मग तापाची साथ आली. मिशनच्या औषधाने हिलाल वाचला आणि त्याने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. नियम असा होता की बाप्तिस्मा घ्यायचा तर बायको एकच, आणि ती पहिली. हिलाल दोन महिने घुटमळत राहिला. दगूबाई नाही घुटमळली. एका पहाटे मोतीबाई अडीच वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन निघाली, तेव्हा तिच्या भाकरीचं गाठोडं दगूबाईनेच बांधलं. पाटीत सात भाकरी होत्या. तिने तीन बांधल्या.

त्या दिवशी नऊही घरांनी म्हटलं होतं, फार चांगलं झालं.

आता तिला एका जागी बसवेना. विहिरीवर गेली तर दोर तिथेच विसरून आली. कपाशीच्या वाळलेल्या पळाट्या उपटायला गेली तर अर्धी सरी टाकून बांधावर येऊन उभी राहिली. घरी येऊन पुस्तक उघडायची, तोच अध्याय वाचायची, मिटायची. चार दिवसांत तिने तो अकरा वेळा वाचला. दर वेळी वाटायचं, आता शेवट वेगळा निघेल आणि सारा त्या बाईच्या मागे पळत जाईल. सारा कुठेच गेली नाही.

बुधवारी मास्तरांनी डोंगराची गोष्ट काढली. दोन ओळी झाल्या असतील, तोच दगूबाई म्हणाली, "मास्तर, मधला एक अध्याय राही ग्या."

मास्तरांनी वर पाहिलं. "कुठला?"

"हागारना."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "राहिला नाही, दगूबाई. तो भाग कठीण आहे. सगळ्यांनी एकत्र वाचण्यासारखा नाही."

"मी एकलीनी वाचा. माले समजना."

"मग सांगतो. त्यात देवच अब्राहामाला म्हणतो की सारा सांगते तसं कर. म्हणजे जे झालं ते देवाच्या आज्ञेने झालं. हागारेची काळजी देवाने पुढे घेतली."

"देवनी अब्राहामले सांगं," दगूबाई म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "साराले आधी कोनी सांगं? अन् माले कोनी सांगं व्हतं?"

सिंधुबाईने पदर तोंडावर घेतला. झिपरूबाबा खोकला, पण कुठलंही नाव चुकलेलं नव्हतं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "ती सकाय मन्हा डोयासमोर शे. पोऱ्या रडी ऱ्हायंता."

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि प्रार्थना सुरू केली. एरवी त्यांची प्रार्थना लांबत जायची. त्या दिवशी लोकांचे डोळे पुरते मिटायच्या आत ती संपली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दगूबाई शास्त्र झोळीत टाकून तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या वाटेला लागली. मोतीबाई तिथे भावाकडे असते हे तिला बाजारातल्या बोलण्यातून कितीतरी वर्षं माहीत होतं. माहीत असून ती एकदाही त्या बाजूला फिरकली नव्हती. देवदर्शनाला निघालेल्या गाड्या तिला मागे टाकून जात होत्या. एका गाडीवाल्याने बस म्हटलं, तरी ती बसली नाही. गाडीत बसलं की विचार येतील, पायी चाललं की निदान पाय दुखतील. दोनदा ती मागे वळली. एकदा तर चांगली शेतभर परत आली, मग स्वतःलाच शिवी देऊन पुन्हा पुढे निघाली.

तापीच्या पात्रात पाणी एका काठाला गेलं होतं. उरलेल्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावल्या होत्या. हातभर वाळू उकरली की पाणी लागतं; तसल्या झिऱ्यातून मडकं भरून एक बाई वेलांना पाणी घालत होती. पाठ वाकलेली, केस करडे. दगूबाईने तिला चालीवरून ओळखलं.

मोतीबाईने मडकं खाली ठेवलं नाही. पूर्वीसारखं 'जिजी' म्हणाली नाही. "काय काम काढं?" एवढंच म्हणाली.

वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं दगूबाईच्या डोक्यातून गेलं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "त्या रोज पाटीमा सात भाकरी व्हत्यात, मोती. मी तीनच बांध्यात."

मोतीबाईने वेलाच्या बुडाशी पाणी ओतलं. ते जिरेपर्यंत ती बघत राहिली.

"माले म्हाईत शे," ती म्हणाली. "मीच थाप्या व्हत्यात ना त्या."

दगूबाई वाळूत बसली. ऊन डोक्यावर होतं, वाळू चटके देत होती. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण रडू येईना, आणि बसवतही नव्हतं. ती तशीच उठली. "माले माफ कर."

"वेल सुकी ऱ्हायनात," मोतीबाई म्हणाली. झोपडीशी दुसरं मडकं पालथं होतं, त्याकडे तिने हनुवटीने खूण केली.

दगूबाईने मडकं उचललं. दोघी दुपारभर पाणी घालत राहिल्या. एकदा दगूबाईने कोवळ्या फळावर पाणी ओतलं, तेव्हा मोतीबाई "बुडाले घाल" म्हणून ओरडली. ते ओरडणं कानावर पडलं तेव्हा दगूबाईला आल्यापासून पहिल्यांदा थोडा श्वास घेता आला.

उन्हं उतरल्यावर झोपडीच्या सावलीत मोतीबाईने तिच्या झोळीकडे बोट दाखवलं. "ते काय शे? तुले वाचता येस?"

"दोन वरीस झायात."

"मंग वाच. ज्यान्हासाठे माले काढं, ते तरी ऐकू दे."

दगूबाईने तोच अध्याय काढला. अडखळत, बोट धरून वाचला. पखालीतलं पाणी संपलं, हागारेने पोराला झुडपाखाली टाकलं आणि त्याचं मरण डोळ्यांनी पाहायला नको म्हणून ती लांब जाऊन बसली, आणि हंबरडा फोडून रडली. तेव्हा देवाने पोराचा आवाज ऐकला.

"थांब," मोतीबाई म्हणाली. "रडनी कोन?"

"हागार."

"अन् ऐका कोना आवाज?"

दगूबाईने ओळ पुन्हा वाचली. अकरा वेळा वाचूनही तिला हे दिसलं नव्हतं. "पोऱ्याना."

"मायना नही?"

"लिखेल नही."

मोतीबाईने झोपडीच्या कुडाला पाठ टेकली. मग विचारलं, "पुढे?" देवाने हागारेला विहीर दाखवली, पोर रानात वाढलं, तिरंदाज झालं, आईने त्याला बायको करून दिली. "अन् तो अब्राहाम? कधी इचारपूस करी का त्यानी?"

"आठे तं लिखेल नही."

"म्हंजे नही करी." मोतीबाई उठली आणि लुगड्याची वाळू झटकली. "हिलालनी बी नही करी. मरना ते बी माले बाजारमा समजनं." ती झिऱ्याकडे गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "तू आज बस. पोऱ्या येवाना टाइम झाया. त्यानासमोर काही बोलू नको."

वीरसिंग आला. रेल्वेच्या कामावर असतो, आठवड्याने घरी येतो. उंच, आणि हसताना डावा गाल आत जाणारा, थेट हिलालसारखा. दगूबाई त्याच्याकडे बघायचं सोडून झोळीची गाठ बांधत बसली. "ही कोन शे, माय?" त्याने विचारलं. "वळखनी बाई शे," मोतीबाई म्हणाली. दगूबाईला तेही पुष्कळ वाटलं, आणि रात्रीपुरती ती मोतीबाईच्या भावाच्या घरी ओसरीवर पडून राहिली. डोळा लागला नाही.

पुढच्या बुधवारी नऊ घरांपैकी पाचच घरं आली. दगूबाईने कुणी विचारायच्या आत सगळं सांगितलं, भाकरींसकट. मग मोतीबाईचा प्रश्न मांडला. रडली आई, मग देवाने आवाज पोराचाच का ऐकला?

मास्तरांनी ती ओळ शोधून पुन्हा वाचली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. त्या ओसरीवर ते असं पहिल्यांदाच म्हणाले होते. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "तो अध्याय मी सतरा वर्षं गाळतो आहे. नियम मिशनच्या साहेबांनी सांगितला, पण बाईला भावाकडे पोचवा, पोराला कपडालत्ता द्या, असंही ते म्हणाले होते. ते मी हिलालला सांगितलं नाही. मला बाप्तिस्म्याची घाई होती. बाकीचे साहेबांच्या हातचे; माझ्या हातचा पहिलाच होता तो."

सिंधुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. हे तिलाही आजच कळत होतं.

"मंग आते काय करानं?" झिपरूबाबाने विचारलं. त्यावर सगळे बोलू लागले, भांडलेही. कुणी म्हणालं मास्तरांनी शिकवणं सोडावं, कुणी म्हणालं जुनं उकरून काय मिळणार. सिंधुबाई म्हणाली, "अध्याय पुन्हा वाचू या. आधी नीट वाचू." तो त्यांनी आळीपाळीने वाचला, ज्यांना येत नव्हतं त्यांनी मागून म्हटला. अर्थ कुणीच सांगितला नाही.

दोन आठवड्यांनी मास्तर दगूबाईबरोबर तापीवर गेले. मोतीबाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ते सकाळभर वाळूत उभे राहिले, हात जोडून जे सांगायचं ते तिच्या पाठीला सांगितलं, आणि एकटेच परत फिरले. दगूबाई मागे राहिली. हंगाम संपून वेल उपटेपर्यंत ती आठवड्यातून एकदा जात राहिली. पाणी घालून झालं की वाचायची, आणि मोतीबाई तिला मध्येच थांबवून असं काही विचारायची की परतीची सगळी वाट तिचं डोकं भणभणत राहायचं. तेच प्रश्न बुधवारी ओसरीवर जायचे. हळूहळू नऊही घरं परत येऊ लागली, काही तर केवळ मोतीबाईने या खेपेला काय विचारलं ते ऐकायला. मोतीबाई स्वतः कळसाडीला कधी आली नाही.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात तिच्या भावाने निरोप आणला: वीरसिंगचं लग्न आहे, हळदीला ये. दगूबाई गेली. मांडवात कुठे बसावं ते तिला कळेना. पाहुण्यांत बसली, उठली, बायकांच्या कडेला जाऊन उभी राहिली. नवरदेवाने हळदीच्या अंगाने तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं, "माय, ही बाई नेमकी कोन शे?"

मोतीबाईने हळदीची वाटी खाली ठेवली.

"तुन्हा बापनी पहिली बायको," ती म्हणाली. "मन्ही जिजी."

वीरसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो दगूबाईकडे एकटक बघत राहिला. उठून पायाही पडला नाही, जा असंही म्हणाला नाही. वाजंत्री चालूच होती. मग मोतीबाईने सरकून शेजारी जागा केली, आणि दगूबाई तिथे जाऊन बसली.