मालकालाही न उघडणारं कुलूप

मी कुलूप बोलतोय. किल्लीसाठी खिसे चाचपू नका, मला किल्लीच नाही. मी लोखंडाचाही नाही. वसई पूर्वेला बोटींचे सुटे भाग बनवणारा एक गाळा आहे. तिथल्या संगणकावर कुणी ड्रॉइंग दुरुस्त करायला उघडलं की मी जन्मतो, बंद केलं की मरतो. एकाच्या हातातल्या ड्रॉइंगमध्ये दुसऱ्याने हात घालायचा नाही, हे बघणं माझं काम. सतत ‘नाही’ म्हणणाऱ्यावर कोण प्रेम करणार? नका करू.

गाळ्यातली सगळी ड्रॉइंग्ज सर्व्हर नावाच्या पेटीत राहतात. अशा दोन पेट्या आहेत. पहिली बंद पडली की दुसरीने तिच्या जागी उभं राहायचं. मालक डेन्झिल ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा. पण मी फक्त पहिल्या पेटीच्या डोक्यात राहत होतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गेल्या हंगामाच्या तोंडावर पहिली पेटी बंद पडली. दुसरी झोकात उठली, ड्रॉइंग्ज जशीच्या तशी, मी मात्र गेलो. तेव्हा रोझलिन पाचूबंदरच्या सेबेस्टियनच्या बोटीसाठी बुश काढत होती. बुश म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी. तिने मापं सुधारून सेव्ह केली. पण तेच ड्रॉइंग शेजारच्या कौस्तुभनेही उघडलं होतं. त्याला अडवायला मी नव्हतो. त्याने जुनी मापं तिच्या कामावर सेव्ह करून टाकली. बुश ढिला निघाला. मासेमारीची बंदी उठली, बाकीच्या बोटी गेल्या, सेबेस्टियनची किनाऱ्यावरच राहिली, आणि बोलणी खाल्ली ती रोझलिनने. तो राग मी प्रत्येक जन्मात बरोबर घेऊन येतो.

मग सर्व्हरच्या कामासाठी चंदनसारहून संपदा येऊ लागली. तिने माझी नोंद दोन्ही पेट्यांना दिसेल अशा सामाईक जागी ठेवली. आता दुसरी पेटी उठली की आधी विचारते, कुणाचं काय उघडं होतं? ज्याचं होतं त्याचा संगणक आपला हक्क सांगतो. तोवर मिनिट-दीड मिनिट नव्या माणसाला काही मिळत नाही.

डेन्झिल भडकला. “दीड मिनिट पब्लिकने हात चोळत बसायचं? झीरो कर ते.”

“सर, आमच्या सोसायटीत टँकर कधी पुढच्या गेटला लागतो, कधी मागच्या,” संपदा म्हणाली. “टँकर हलला म्हणून रांग नव्याने लागत नाही. आधी जुन्या बालद्या त्याच नंबराने मागे न्यायच्या, मग नव्या माणसाने उभं राहायचं. त्याआधी पाइप सोडला तर मारामारी होते.”

“हा काय टँकर आहे?”

“मारामारी झालीच ना सर, सेबेस्टियनकाकांशी?”

दीड मिनिट राहिलं.

आज पुन्हा तीच वेळ आली. सेबेस्टियनने बोटीला नवा दांडा घेतलाय. रोझलिनने त्याचं माप ड्रॉइंगमध्ये घातलं आणि सेव्ह करायच्या आधी खात्री म्हणून ती खाली ठेवलेला दांडा पुन्हा मोजायला गेली. तेवढ्यात पहिली पेटी बंद पडली. सेबेस्टियन डेन्झिलच्या खुर्चीमागेच उभा होता.

“यंदा तरी माजी बोट पान्यात जानार ना?”

“काका, माप मला पाठ आहे,” म्हणत डेन्झिलने ड्रॉइंग उघडायला घेतलं. मी नाही म्हणालो. दीड मिनिट सरलं, तोवर रोझलिनच्या संगणकाने हक्क सांगितला होता. मी परत नाही म्हणालो.

पेटी बघायला आलेल्या संपदाला तो म्हणाला, “संपदा, तोड ते लॉक.”

“तोडता येतं सर. पण मी तोडणार नाही. रोझलिनला हाक मारा.”

गाळा त्याचा, पेट्या त्याच्या, आमचं विजेचं बिलही तोच भरतो. असेल. ड्रॉइंग त्या घटकेला रोझलिनचं होतं. तो टिचक्या मारत राहिला, मी तसूभर हललो नाही. शेवटी सेबेस्टियनच म्हणाला, “थांब रे जरा. मागल्या वक्ताला घाई झाली, वरीसभर बायकोची बोलनी मी खाल्ली.”

रोझलिन वर आली, ड्रॉइंग सेव्ह करून तिने बंद केलं. मी मेलो. डेन्झिलने ते उघडलं. नवा दांडा जुन्यापेक्षा जाड होता. त्याला पाठ होतं ते जुन्याचं माप. त्याने काम लेथवर पाठवलं आणि सेबेस्टियनला घेऊन चहाला गेला. ड्रॉइंग तसंच उघडं टाकून. माणसांची ही सवय काही जात नाही. बाबांनो, काम झालं की फाइल बंद करून उठत जा.

आता मी डेन्झिलच्या नावाचा आहे. रोझलिनला ड्रॉइंगवर तारीख घालायची राहिलीय. तिने उघडायला घेतलं, मी नाही म्हणालो.

“अरे, मी आहे,” ती पडद्याकडे बघून म्हणाली.

असशील. तुझ्यासाठीच मालकाशी भांडलो, तेही खरं. पण तो चहा पिऊन येईपर्यंत तुलाही नाही.