तीन भोकांची पट्टी

सकाळी सहा वाजता नारीन नदीवरच्या झुलत्या पुलाच्या तोंडाशी मेंढपाळ केनेशचा कळप अडवण्यात आला. कारण मी होते.

मित्रांनो, मी या पुलाची एक जुनी पोलादी पट्टी आहे. वरच्या जाड दोराला धरून खालची फळ्यांची वाट तोलायची, हे माझं आणि माझ्या बहिणींचं काम. खांब ओझ्याखाली दबतो. मी ताणली जाते. भट्टीतून लालभडक निघाले तेव्हा मला लाटून सरळ केलं आणि खालच्या टोकाला बोल्टांसाठी शेजारी शेजारी दोन भोकं पाडली. मला आखणाऱ्यांनी ती भोकं वजा करून, उरलेल्या पोलादावरच माझी ताकद ठरवली होती. कारण ओढ अंगभर सारखी असली तरी पट्टी तुटते ती सगळ्यांत अरुंद जागी. पहिला कळप वरून गेला तेव्हा शेकडो खुरांचं ओझं आवाज न करता माझ्यातून वर चढत गेलं. त्याचा अचंबा मला अजून वाटतो.

पूल झाला त्या वर्षी केनेशच्या वडिलांनी जनावरांना दृष्ट लागू नये म्हणून रानमेंढ्याची शिंगं माझ्यावर टांगली. खिळ्यासाठी भोक पाडलं, नेमकं त्या दोन भोकांच्या मधोमध. लोकांनी कौतुक केलं, तोंडावरून हात फिरवून दुआ मागितली. पुढे दर वसंतात शिंगांना लोणी चोपडलं गेलं. मागे मी गंजत होते, तिकडे कुणी पाहिलं नाही.

काल पुलाची तपासणी करायला आलेल्या नूरझातनं शिंगं उतरवली. मधल्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर होती.

"पोरी, इतकी वर्षं शिंगांनीच पूल राखला," आज तिनं वाट अडवल्यावर केनेश म्हणाला.

"शिंगांनी नाही, बाइके. भोकं सोडून उरलंय ना, त्या पोलादानं. नवी पट्टी येईस्तोवर थांबा," थोरल्या भावाला मारतात ती 'बाइके' ही हाक मारत नूरझात म्हणाली.

"ते मेंढ्यांना सांग! इथं गवताची काडी नाही. वरच्या कुरणात पोचलो नाही तर कोकरं जगायची नाहीत."

नूरझातनं माझ्या चिरीवरून नख फिरवलं. "मग थोड्या थोड्या न्या."

"मेंढ्या काय शाळेतली पोरं आहेत? म्होरक्या बोकड निघाला की सगळ्या त्याच्यामागं."

"मग दर खेपेला बोकडाला परत आणा."

केनेशची बायको बुरुल हसली. "माझा नवरा कधी माझ्या सांगण्यावरून मागं फिरला नाही, बोकड काय फिरतोय!"

पण बोकड फिरला. घोळक्यामागून घोळका गेला. नूरझातचा तळवा माझ्यावर होता. खाली नदी गर्जत होती आणि एका घराचं सगळं वैभव माझ्यासारख्या हातभर पट्ट्यांना लोंबकळत पलीकडे चाललं होतं. मीच थक्क झाले.

मित्रांनो, आमचा गंज खरवडा, आम्हाला रंग द्या. आणि भोक पाडण्याआधी, ज्याला आमचा हिशेब ठाऊक आहे त्याला विचारा.

आता दुपार उलटली आहे. बोकडामागं धावलेल्या आया पलीकडे केनेशजवळ आहेत, मागं पडलेली बरीच कोकरं अलीकडे बुरुलजवळ. दोन्ही काठांवर एकच गलका चालला आहे. थकलेला बोकड पुलाच्या मधोमध बसला आहे, उठत नाही. केनेश हात पसरून कोकरांकडे परत धावू पाहणाऱ्या आयांची वाट अडवतो आहे.

"बाइके, सोडू नका!" नूरझात ओरडते आहे.

चीर सकाळएवढीच आहे. पलीकडची एक मेंढी केनेशच्या काखेखालून निसटून फळीवर चढली आहे. तिच्यामागून दुसरी.