पळणाऱ्याचा पार्ट

"आजी, चपला घाला पायात. हे देऊळ नाई, टॉकीज हाये," तिकीटवाला म्हणाला.

"आत कथाच हाये ना?" गुणाबाईने विचारले.

"पिच्चर हाये. लढाईचा."

"मंग कथाच झाली का नाई, बाप्पा?"

तिने चपला दोरखंडाच्या खुंटाशी नीट जोडून ठेवल्या, वाकून उंबरठ्याला हात लावला. उंबरठा नव्हताच, नुसती माती होती. तरी तो हात तिने कपाळाला नेला. तिकिटाचे पैसे काढायला बटवा उघडला, तेव्हा त्यातून कापराची वडी आणि माचिस निघाली.

"माचिस आत नाई नेता येत, आजी. हा पूर्ण फुगा हाये. हवेवर उभा हाये."

"अन् मंग आरतीले?"

रांगेत हशा पिकला. गुणाबाईने माचिस त्याच्या हातावर ठेवली, कापूर मुठीत धरला आणि अनवाणीच आत गेली.

रांगेच्या अगदी शेवटी लटारू उभा होता. तो हसला नाही. परत फिरावे का, एवढेच त्याच्या मनात चालले होते.

दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेनिमित्त गावात ट्रकमधून टॉकीज आले होते. मोठे पंखे लावून कापड फुगवायचे, आत खुर्च्या, पडदा, थंडगार हवा. पार सावली गावापासूनची माणसे आली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लढाईचा सिनेमा होता आणि शेवटी मूठभर माणसे हजारोंना अडवून धरतात म्हणे. ज्याने सकाळचा खेळ पाहिला तो दुपारीही येत होता. "शेवट पाह्य गा लटारू, अंगावर काटा येते," असे त्याला दोघातिघांनी सांगितले होते. सांगताना तोंडे सरळ होती, पण डोळे हसत होते.

संध्याकाळी गायगोधन. रंगवलेल्या शिंगांची ढोरे गावभर मिरवायची आणि पुढच्या सालाचा ढोरकी, म्हणजे गावाची ढोरे चारणारा, ठरवायचा. या गावात ढोरक्याची घुंगराची काठी विकत आणत नाहीत. जुन्या ढोरक्याच्या घरातून ती नव्याच्या हातात जाते, आणि ती देते त्या घरची बाई. काठी होती गुणाबाईच्या घरी. तिच्या लेकाची, डोमाची.

सरपंच धनराजने लटारूला सकाळीच पारावर गाठले होते.

"पाह्य लटारू, मी काही बोलत नाई. गुणाबाईनं काठी देल्ली तं तू. नाई तं पोंभुर्ण्याचा माणूस येऊन राह्यला संध्याकाळी. लोकं म्हणून राह्यले का आपली ढोरं भरोशाच्या हाती पाह्यजे."

"अन् तुमी काय म्हणता, भाऊ?"

धनराजने पानाची पिंक टाकली. "मी काय म्हणू? मी थोडी होतो तिथी."

तिथे होते दोघेच. माघातली दुपार, तलावापलीकडे बांबूचे बेट. बालपणापासून डोमा आणि लटारू बरोबर ढोरे चारत आलेले. मारुतीच्या देवळात कीर्तन असले की टाळही बरोबरच धरायचे. त्या दिवशी ढोरे एकदम कान टवकारून थांबली आणि बेटातून वाघ बाहेर आला. डोमा ओरडला, "ढोरं ने!" लटारूने ढोरे गावाकडे वळवली, हाकली, पोहोचवली आणि माणसे घेऊन परत पळत गेला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

ढोरांतले एक वासरूही कमी झाले नाही. पण गावाने त्याला एकच विचारले, "तू एकटाच काऊन वापस आला?" मर्तिकात तेच, बाजारात तेच, पिठाच्या चक्कीवर तेच. सुरुवातीला तो सांगायचा, डोमानेच म्हटले होते, ढोरे ने म्हणून. मग सांगणे बंद केले. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही सांगता येते, असे एकदा कोणीतरी मागून बोलले होते.

सप्ताहात महाराज आख्यान लावायचे. आख्यानातला वीर धारातीर्थी पडला की सारा मांडव हुंदके द्यायचा, आणि त्याच वेळी दोनचार माना लटारूकडे वळायच्या. तेव्हापासून त्याने टाळ देवळाच्या खुंटीला अडकवला तो अडकवलाच. कीर्तन काही त्याला सोडवेना. तो बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ बसून ऐके. देवाचे नाव मांडवाबाहेरही ऐकू येते. आरतीचे ताट मात्र तिथवर येत नसे.

गुणाबाई या सगळ्यात काहीच बोलली नव्हती. चांगले नाही, वाईट नाही. तिची गाय तो रोज सोडून नेई, रोज आणून बांधी. ती पाण्याचा तांब्या पुढे करी, तो पाणी पिई, आणि जाई. त्या न बोलण्याची त्याला गावाच्या बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटे.

"जातं का आत, भाऊ? का वापस जातं?" तिकीटवाल्याने विचारले.

लटारू आत गेला.

आत बायकांची बाजू वेगळी झाली होती, आपोआपच. गुणाबाई पहिल्या खुर्च्यांत कडेला बसली होती, पदर डोक्यावर, मूठ मांडीवर. लटारूने मागची कडेची खुर्ची धरली. त्याच्या पुढच्याच रांगेत धनराजचा पुतण्या विक्की आणि त्याची दोस्तमंडळी होती.

सिनेमा सुरू झाला. पितळी ढाली, धूळ, घोडे. नगर जळत होते. दाढीवाला सरदार आला तशा शिट्ट्या सुटल्या. गुणाबाई प्रत्येक गोष्टीला कीर्तनात द्यावा तसा हुंकार देत होती. "हाव... हाव... अरे देवा!" शेजारच्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या.

आणि मग ती घळ आली. दोन उभे डोंगर, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. नगरातली बायामाणसे, पोरे, गुरे त्या वाटेने पलीकडे निघाली होती आणि मागून शत्रूची फौज येत होती. सरदाराने आपले उरलेले शिपाई घळीच्या तोंडाशी उभे केले. फुग्यात एकदम शांतता झाली. पंख्यांची घरघर तेवढी येत होती आणि कापडाच्या भिंती श्वास घेतल्यासारख्या हलत होत्या.

लटारू खुर्चीच्या कडेला सरकला. पुढे काय येणार ते त्याला कोणी सांगितले नव्हते, तरी ते येत असल्याचे कळत होते. वाघ दिसायच्या आधी ढोरांना कळते तसे.

सरदाराने रांगेवरून नजर फिरवली. एका शिपायापाशी थांबला. मधल्या वयाचा, कानात बाळी घातलेला साधाच माणूस. सरदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या वाटेकडे, पोराबाळांकडे बोट केले. शिपायाने मान हलवून नाही म्हटले. सरदाराने त्याला ढकलले. शिपाई ढाल टाकून वळला आणि पळू लागला.

"अबे भगोडा!" कोणीतरी ओरडले.

"पळाला बे पळाला!"

शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा. आणि विक्की अर्धा उठून, मागे वळून, मोबाईलचा उजेड थेट लटारूच्या तोंडावर धरत म्हणाला, "लटारूभाऊ! पाहा ना जी, तुमचा पार्ट आला!"

सारा फुगा हसला. उजेडात लटारूचे डोळे मिटले. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, गुडघे सरळ होऊ लागले. दार तीन पावलांवर होते. पण उठला असता तर तोही पळणाराच ठरला असता, भर मंडळीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत. आणि बसून राहावे तर हे असे उजेडात बसून राहायचे. तो उठलाही नाही, बसलाही नाही. दांडे धरून अधांतरी राहिला. संध्याकाळची काठी, ढोरे, सगळे त्या क्षणी त्याच्या हातून सुटल्यासारखे झाले.

"पळ, बाप्पा!"

आवाज पुढून आला. म्हातारा, चिरका, पण कीर्तनात मांडवाच्या शेवटापर्यंत पोहोचणारा. गुणाबाई उभी राहिली होती. मागून येणाऱ्या मशीनच्या झोतात तिची सावली त्या घळीवर पडली होती.

"पळ माह्या लेकरा! मांगं नको पाहू! लेकरं ने, ढोरं ने! त्यानं तुले कायच्यासाठी ढकललं? जा!"

"आजी, खाली बसा ना," कोणीतरी म्हणाले.

"तू चूप बस! थो जाऊन राह्यला ना त्यायले घेऊन, दिसत नाई का तुमाले?"

पडद्यावर तो शिपाई धावत होता. एका पडलेल्या म्हातारीला त्याने उठवले, एक पोर काखेत मारले आणि वळणावर पोहोचल्यावर मागे पाहिले. एकच क्षण त्याचा चेहरा पडदाभर दिसला. सकाळच्या खेळातही तो दिसला असणार. शिट्ट्यांत कोणी पाहिला नसेल.

आता शिट्टी वाजली नाही. विक्कीचा उजेड हळूच खाली गेला.

मग लढाई झाली. एकेक शिपाई पडत गेला, सरदार शेवटी एकटा उरला, बाणांनी भरून गुडघ्यावर आला तरी त्याने वाट सोडली नाही. माणसे उभी राहिली, कोणी टोपी काढली, कोणी जयजयकार केला, बायकांचे हुंदके फुटले. गुणाबाईने फक्त हात जोडले. लटारू केव्हा पुन्हा खुर्चीत टेकला, ते त्यालाही कळले नाही.

दिवे लागले. माणसे धक्काबुक्की करत बाहेर गेली. लटारू थांबला, कारण पुढे गुणाबाई अजून बसूनच होती. तो तिच्याजवळ गेला.

"चाला माय. सपलं."

"आरती?"

"इथी आरती नाई होत, माय."

"येवढा मोठा माणूस पडला अन् आरती नाई?" ती पांढऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बस."

तो खाली, तिच्या पायाशी बसला.

"तू पायलं होतं का रे मांगं?"

माघापासून दिवाळीपर्यंत हे त्याला कोणी विचारले नव्हते.

"पायलं, माय. बांधावरून."

"काय दिसलं?"

"पाठ दिसली त्याची." त्याने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "दोन्ही हातानं काठी आडवी धरून होता. जसा तो फाटकात गाय अडवे, तसाच. तोंड नाई दिसलं, माय. मी खोटं नाई सांगत. तोंड नाई दिसलं."

"उभा होता?"

"उभा होता."

"आडवी धरून?"

"हाव. आडवी."

गुणाबाईने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिली. तिकीटवाला झाडू घेऊन आला आणि दोघांना तसे पाहून पलीकडची रांग झाडायला गेला.

संध्याकाळी ढोरे मिरवत आली. शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा, पुढे डफ. गुणाबाईच्या अंगणासमोर डफ थांबला. पोंभुर्ण्याचा माणूस नवे धोतर नेसून धनराजच्या बाजूला उभा होता. लटारू ढोरांच्या मागेच थांबला. पुढे कसे यावे ते त्याला कळत नव्हते.

गुणाबाई ताट घेऊन दारात आली. काखेत काठी होती.

"कुठी हाये थो?"

कोणी कोणाचे नाव घेतले नाही. ढोरेच जरा बाजूला झाली आणि लटारू समोर आला. तिने त्याला कुंकू लावले, अक्षता लावल्या. ताटात कापूर ठेवला. दुपारभर मुठीत राहून त्या वडीवर बोटांचे वळ उठले होते. शेजारणीने काडी ओढून दिली.

आरती झाली तशी तिने काठी दोन्ही हातांनी आडवी धरून पुढे केली. लटारूने खाली हात लावले. घुंगरे वाजली. त्याने पेलली तरी तिने सोडली नाही. दोघेही ती तशीच धरून राहिले. लटारूची बोटे काठीच्या मध्यावर गेली आणि थबकली. तिथे लाकूड चिरडलेले होते, खोल, दोन बाजूंनी. दातांच्या खुणा. त्याने गुणाबाईकडे पाहिले. ही काठी वनखात्याच्या माणसांनी फडक्यात गुंडाळून तिच्या घरी दिली, तेव्हापासून ती दुसऱ्या कोणीच हातात घेतली नव्हती.

"ने आता," ती म्हणाली, आणि सोडली.

धनराज घसा खाकरून पोंभुर्ण्याच्या माणसाला म्हणाला, "तुमी मंग जेऊनच जा ना जी." डफ पुन्हा वाजू लागला. विक्की डफवाल्यांच्या मागे उभा होता. लटारू जवळून गेला तेव्हा त्याने वाट दिली.

ढोरे पुढे गेली. वळणावर लटारूने मागे पाहिले.

गुणाबाई घरात शिरली होती. उघड्या दारातून दिव्याच्या उजेडात समोरची भिंत दिसत होती. दिवाळीचा चुना नवा होता, पांढराशुभ्र. मधोमध, दोन खिळ्यांच्या वर, तिने काठी न उतरवता तिच्या बाजूबाजूने चुना मारला होता. काठीएवढी एक आडवी पट्टी तशीच मातीची राहून गेली होती. गुणाबाई त्या पट्टीसमोर उभी होती, आणि तिचा हात तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरत होता.