दोन-चारचा हात

"दोन इंच, आन वर सहा रेघा," अर्पितानं पुण्याहून फोनवर पुन्हा सांगितलं.

"कुठल्या रेघा गं?" बोरी गावात बांगड्यांच्या पसाऱ्यात बसलेल्या बायनाबाईंनी विचारलं.

"मोबाइलवर पट्टी येती, आई. एटीएमचं कार्ड ठिवून आधी ती जुळवली, मग हातातली बांगडी तिच्यावर ठिवली. दोन-सहा भरायलीय. डोहाळजेवणाला तेवढ्याच मापाच्या काढून ठिव."

बायनाबाईंना हसूच फुटलं. "कासारणीला मोबाइलच्या काचंवरच्या पट्टीनं माप सांगायलीस व्हय? तुझा हात दोन-चारचा. लग्नाचा चुडा म्याच भरलाय, बाई!"

काय दिवस होते ते! बायनाबाईंचं टोपलं गल्लीत उतरलं, की बाया हातातली कामं टाकून धावायच्या. अंगठ्याखालचा मऊ भाग दाबला, की बायनाबाई न बघता माप सांगत. कुणाचा हात बाळंतपणात भरला, कुणाचा सासरी वाळला, सगळं त्यांना कळायचं. अर्पिता नोकरीला गेल्यापासून तिचं येणं उभ्या उभ्याचं झालं होतं खरं, पण लेकीचा हात का विसरतं कुणी? त्यांनी दोन-चारच्याच हिरव्या बांगड्या निवडून, धुवून ठेवल्या.

डोहाळजेवणाला अर्पिता पाटावर बसली. पहिलीच बांगडी बोटांच्या सांध्यावर अडली.

"ढिला सोड की हात."

"ढिलाच हाय, आई."

बायनाबाईंनी जरा जोर लावला, आणि कट्‌कन आवाज झाला. अर्पिताच्या बोटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

"वाढली गं, बांगडी वाढली," शेजारच्या सरजाबाई घाईनं म्हणाल्या आणि चोरून विहीणबाईंकडे बघू लागल्या. बायनाबाईंनी फुटकी काच झटकन बाजूला केली. जन्मभर परक्यांच्या लेकींना ओरखडा येऊ दिला नाही, आणि आपल्याच पोरीला, ते पण असल्या दिवसांत!

"काई झालं न्हाई," अर्पिता हसली. "हात सुजलेत माझे. दोन-सहाच्या भर."

सरजाबाईंनी बायनाबाईंच्या पेटीतून त्या मापाच्या बांगड्या काढून दिल्या. बायनाबाईंनी त्या बाजूला ठेवल्या. पदरानं रक्त टिपलं आणि लेकीचा हात दोन्ही हातांत धरला. तळवा भरला होता, पण बोटं खरखरीत झाली होती. मनगटाजवळ भाजल्याचा जुना डाग होता. हे कधी भाजलं, आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही, याचं त्यांना लई वाईट वाटलं.

"भर की आई, बाया थांबल्यात."

"थांबू दे त्यांना," बायनाबाई म्हणाल्या. "आधी हात बघू दे मला."