गाडीतली खोट

सरलाबाईंनी चहाचा कप बशीसकट बॅटरीवर आदळला, तेव्हा कुठे गोपाळरावांनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं.

“झाली का?”

“होऊन राहिली.”

“सकाळी सातलाही होऊनच राहिली होती. आता साडेदहा वाजले.”

“घाई करून गाडी दुरुस्त होत नसते. प्लग घासले. आता ब्रेक बघतो.”

“काल ब्रेकच बघितले ना?”

“काल मागचे बघितले.”

सरलाबाईंनी कपाळावर हात मारला. या माणसापुढे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. चोवीस वर्षांची पांढरी गाडी, तीही गोपाळरावांनी तहसीलमध्ये कारकून असताना जुनी घेतलेली. पण एवढ्या वर्षांत तिला मेकॅनिकचा हात म्हणून लागला नव्हता. हिंगोलीच्या घराच्या अंगणातच सगळं चालायचं. प्लग, तेल, फॅनबेल्ट, सगळं घरी. सरलाबाईंना त्याचं कौतुकही होतं, खोटं कशाला बोला. पण ते कौतुक या श्रावणात संपलं.

थोरली बहीण जनकाबाई आषाढात न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून डोंगरकडा गावी पलंगावर पडून होती. सरलाबाईंना तिला बघायला जायचं होतं, बस एवढंच मागणं. तर पोळ्याला फॅनबेल्ट ढिला निघाला, गणपतीत रेडिएटर गळायला लागला आणि आता ब्रेक. बसनं जाऊ म्हटलं, तर “घरात गाडी असताना?” बसच्या पायऱ्या सरलाबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, हेही गोपाळरावांना बरोबर ठाऊक. रोज संध्याकाळी जनकाबाईचा फोन यायचा. काल तिचा आवाज फारच बारीक येत होता.

“सरे, दसऱ्याला सोनं द्यायला तरी येशील ना गं? पुढच्या दसऱ्याचं कोणी बघितलं?”

“येते म्हणजे येते,” सरलाबाईंनी सांगून टाकलं होतं. दसरा उद्यावर आला होता.

“आज खंडेनवमी आहे,” त्या म्हणाल्या. “हत्यारं पूजेला मांडली, की उद्यापर्यंत हात लावता येत नाही. काय करायचं ते त्याआधी करा.”

गोपाळरावांनी चिंधीला हात पुसले. “मग आत्ताच मांडून टाकू. राहिलं तर राहिलं.”

“अहो, पण ब्रेक?”

“पूजा आधी,” ते म्हणाले आणि पान्यांची पेटी उचलून आत निघालेसुद्धा. अंघोळीला गेले, तर न्हाणीघरातून स्तोत्रही ऐकू यायला लागलं. एरवी हा माणूस देवापुढे बारा वाजेपर्यंत फिरकत नाही, आणि आज याला पूजेची घाई! सरलाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाचं.

शेजारचा देविदास आपल्या फाटकात उभा राहून जीपला झेंडूची माळ बांधत होता. कळमनुरीच्या रस्त्यावर सवारी नेणारं पोरगं, गाडीतलं सगळं कळणारं. सरलाबाईंनी त्याला हळूच हाक मारली.

“देविदास, किल्ली ओसरीत खुंटीला आहे. काका पूजेला बसले की एकदा बघ रे बाबा, काय झालंय या डबड्याला.”

“काका रागं भरतील ना, काकू.”

“भरू दे. मला बहिणीला भेटायचंय.”

पाटावर पांढरं कापड अंथरून सरलाबाईंनी पेटीतली हत्यारं ओळीनं मांडली. पाने, पकड, हातोडी, पेचकस. गोपाळराव सोवळं नेसून बसले. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि पहिल्या पान्याला लावलं. दुसऱ्या पान्याचं कुंकू कापडावर लागलं.

“अहो, लक्ष कुठंय?” सरलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांना गोपाळरावांचा डावा हात दिसला.

तो हात आधी चाचपत होता. पाना सापडला की त्याच्यावरचा कोरलेला आकडा अंगठ्यानं वाचत होता. मग त्या अंगठ्याच्या शेजारी उजव्या हाताचं बोट जात होतं. कधी पान्यावर पडत होतं, कधी कापडावर. फूल वाहिलं, ते पाटाच्या बाहेर फरशीवर पडलं. गोपाळरावांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी नीरांजन उचलायला हात पुढे केला आणि बोटं थेट ज्योतीकडे निघाली.

सरलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“भाजेल,” त्या म्हणाल्या.

“धुरानं दिसलं नाही,” गोपाळराव म्हणाले.

धूर नव्हता. उदबत्ती अजून लावायचीच होती.

श्रावणात फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तेव्हा त्यांनी स्टेअरिंगला नावं ठेवली होती. त्या वेळी शेजारच्या सीटवर सरलाबाईच होत्या. तेव्हापासून गाडी अंगणाबाहेर पडली नव्हती. पेपरही बंद केला होता. म्हणे, पेपरात असतंय काय हल्ली? आणि आपण सगळा पोळा, सगळे गणपती या माणसावर ओरडत राहिलो. आपल्याला घेऊन गाडी चालवायची याला भीती वाटते, आणि ते सांगायची लाज वाटते, म्हणून रोज नवीन काहीतरी उघडून बसतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. गाडी चालू झाली होती. पहिल्याच फटक्यात, नवी असल्यासारखी.

गोपाळरावांचा हात हवेतच राहिला. त्यांनी मान खाली घातली.

सरलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि ओसरीत गेल्या. मागोमाग गोपाळरावही उंबऱ्यापर्यंत आले. स्टेअरिंगमागे बसलेल्या देविदासचं तोंड हसून फाकलं होतं.

“काकू, गाडीला काईच झालेलं न्हाई! ब्रेक बी दाबून पाह्यले, एकदम बराबर हाय.”

“बंद कर.”

“आँ?”

“बंद कर म्हणते ना. आवाज ऐकला का कसा येऊन राहिला? खोट आहे गाडीत.”

“अवो काकू, काहून असं म्हणता? पाण्यावानी चालून राहिली—”

“तुला जास्त कळतं का रे? काका दोन महिने झाले बघतायत तिला. उतर खाली.”

देविदास डोकं खाजवत उतरला. किल्ली त्यानं सरलाबाईंच्या हातात दिली.

“उद्या तुझ्या जीपनं आम्हाला डोंगरकड्याला सोड,” त्या म्हणाल्या. “पुढच्या सीटवर बसीन मी, गुडघ्याला बरं पडतं. आणि परवा तिथूनच नांदेडला जायचंय. डोळ्यांच्या डॉक्टरकडं.”

“कोणाचे डोळे?” मागून गोपाळरावांनी विचारलं. आवाज जरा चढाच होता.

“माझे. मेलं, सुईत दोरा जात नाही महिनाभर. तुम्ही पण चला संगं. आलातच तर तुमचेही बघून घेतील.”

बोटाला लागलेलं कुंकू गोपाळरावांनी सोवळ्याला पुसलं.

“मी म्हणतच होतो,” ते म्हणाले. “ब्रेकमध्येच आहे काहीतरी.”

“हो ना, म्हणतच होता तुम्ही. माझंच लक्ष नव्हतं.”

पूजा अर्धी राहिली होती. आत जायला त्या वळल्या. ओसरी आणि माजघराच्या मधे एक पायरी आहे, बावीस वर्षांपूर्वी गोपाळरावांनीच उभं राहून बांधून घेतलेली.

“पायरी आहे,” सरलाबाई म्हणाल्या.

एरवी गोपाळराव केवढ्यानं खेकसले असते. आज त्यांनी हात पुढे केला.